खोली कुठून मोजली, ते आधी लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर जिल्ह्यात भीमेकाठच्या एका पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) तुम्ही प्रशिक्षणार्थी म्हणून उत्खननाला जाता. ५ बाय ५ मीटरच्या एकाच खड्ड्यात एकच चोपलेली जमीन लागली, म्हणजे पूर्वीच्या लोकांनी चोपून घट्ट केलेली, वापरातली जमीन. तिच्यावर सापडलेल्या वस्तूंची खोली तुमच्या वहीत ७२ सेंटिमीटर आहे आणि जोडीदाराच्या वहीत ८४. कुणीतरी सरासरी काढून ७८ लिहा म्हणून सांगितलं. शिवाय प्रत्येक खापर मोजायचं का, मिलिमीटरपर्यंत जायचं का आणि मोबाइलवर भागेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

सरासरी तेवढी काढू नका. ७८ सेंटिमीटर हे माप तुमच्यापैकी कुणीच घेतलेलं नाही, आणि एकदा तो आकडा वहीत गेला की मागे जाऊन खरं काय होतं हे कुणालाच शोधता येणार नाही. माझा अंदाज असा आहे की तुमचे दोघांचेही आकडे बरोबर असावेत. तुम्ही नैर्ऋत्येच्या खुंटीपाशी टेप धरला असेल, जोडीदाराने ईशान्येच्या. माळवदाला पन्हाळीकडे उतार असतो तसा पांढरीच्या टेकाडाला नदीकडे उतार असतो. वरून सपाट दिसलं तरी ५ मीटरांत १० - १२ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. त्यात कुणी खुंटीच्या डोक्यापासून मोजतं, कुणी तिच्या बुडाच्या मातीपासून. टेप दोघांनीही नीट धरला असणार. मोजायला सुरुवात कुठून करायची, ते मात्र तुमच्या खड्ड्यात ठरलेलंच नव्हतं.

म्हणून ‘जमिनीपासून खोली’, म्हणजे आजच्या वरच्या जमिनीपासूनची खोली, हे माप मी नोंदीत धरतच नाही. जमीन उतरती असते, पावसाने धुपते, लोक माळवदावर टाकायला पांढरी माती काढून नेतात, आणि हंगाम संपेपर्यंत खड्ड्याच्या कडा आपल्याच पायांनी खचतात. खणायच्या जागेपासून थोडं लांब, हलणार नाही असा एक आधारबिंदू घ्यायचा. सिमेंटात बसवलेली सळई चालते, जुन्या देवळाच्या जोत्याचा पक्का दगडही चालतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) जवळ असेल तर त्याच्याशी जोडून समुद्रसपाटीपासूनची खरी उंची मिळते. नसेल तर आधारबिंदूची पातळी १००.०० मीटर मानायची आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. मग उत्खननातल्या प्रत्येक खड्ड्याची, प्रत्येक वस्तूची पातळी त्या एकाच बिंदूवरून काढायची.

डंपी लेव्हलने (तिवईवरच्या, आडवी सरळ नजर देणाऱ्या दुर्बिणीने) हे कसं होतं ते एकदा आकड्यांत बघा. सकाळी यंत्र लावलं, आधारबिंदूवर स्टाफ (मापाच्या खुणा असलेली उंच पट्टी) उभा केला आणि १.२४५ वाचलं. म्हणजे यंत्राच्या नजरेची उंची १०० अधिक १.२४५, १०१.२४५. आता खड्ड्यात शंखाच्या बांगडीचा तुकडा लागला. त्याच्या बुडाशी स्टाफ धरला आणि २.८६५ वाचलं. १०१.२४५ वजा २.८६५ म्हणजे ९८.३८. ही त्या तुकड्याची पातळी. उद्या दुसऱ्या कुणी दुसऱ्या जागी यंत्र लावलं तरी ती ९८.३८ च यायला हवी. यंत्र हललं, कुणाचा पाय तिवईला लागला, की आधारबिंदू पुन्हा वाचायचा. वहीत फक्त उत्तर लिहू नका, दोन्ही वाचनं लिहा. वजाबाकी चुकली तर ती वाचनांवरून दुरुस्त होते, नुसत्या उत्तरावरून नाही.

यंत्र नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. नळीत बुडबुडा राहू दिला नाही तर ती खड्ड्यापुरतं अगदी विश्वासाचं काम देते. ताणलेल्या दोरीवरून ओळंबा सोडून मोजायची पद्धतही आहे, पण दोरी मध्ये झोल खाते आणि तो झोल सगळ्या मापांत शिरतो. दोरी वापरायचीच असेल तर रोज सकाळी पुन्हा ताणा.

आडवी मापं सोपी असतात, पण त्यातही शिस्त लागते. खड्ड्याचा एकच कोपरा धरायचा. मी नैर्ऋत्येचा धरते. आधी पूर्वेकडे किती, मग उत्तरेकडे किती. हा क्रम सगळ्या खड्ड्यांत एकच हवा, नाहीतर २.३५ आणि १.१० यांतलं पूर्वेचं कोणतं हे पुढच्या वर्षी कुणाला सांगता येणार नाही. टेप आडवा धरायचा आणि वस्तूच्या मध्यावर ओळंबा सोडायचा. उतारावरून टेप लोळवला तर ५ मीटरांत अर्धा मीटर उतार असताना अडीच सेंटिमीटरच वाढतात, ते एक वेळ सोसतं. पण १० मीटरांत २ मीटर उतार असेल तर २० सेंटिमीटर वाढतात. कापडी टेप वापरून वापरून ताणतो, म्हणून आखणीसाठी स्टीलचा घ्या. आणि खड्डा खरोखर चौकोनी आहे का हे कर्ण मोजून बघा. ५ मीटरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण ७.०७ मीटर यायला हवेत. ते येत नसतील तर आतलं प्रत्येक माप वाकडं जाईल.

आता ज्यासाठी हे सविस्तर लिहायला घेतलं त्याकडे येते. पातळी बरोबर मोजली म्हणजे वस्तूचा काळ कळला, असा समज नव्या मुलामुलींमध्ये फार असतो. ‘७२ सेंटिमीटरवर सातवाहन लागले’ अशी वाक्यं मी अहवालाच्या कच्च्या प्रतींत वाचते तेव्हा जिवाला लागतं. पातळी मोजता येते. थर मात्र ओळखावा लागतो, मातीचा रंग, पोत, घट्टपणा, राखेचं आणि चुनखडीचं प्रमाण बघून ठरवावा लागतो. नोंदीत या दोन गोष्टींचे रकाने वेगळे हवेत आणि एकावरून दुसरा कधीही भरायचा नाही.

असं का, ते आपल्या भागात पेवावरून चटकन कळतं. ज्वारी साठवायचं पेव कसं असतं हे मंगळवेढ्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही: वर अरुंद तोंड, खाली फुगत गेलेलं पोट. समजा वरून दुसऱ्या थराच्या काळात कुणी असं पेव खणलं. ते तिसरा, चौथा थर फोडून पाचव्यात उतरलं. पुढे ते निकामी झालं आणि त्यात केरकचरा, फुटकी भांडी, राख पडत गेली. आज तुम्ही खणता तेव्हा त्या पेवाच्या तळाचं खापर पाचव्या थराच्या पातळीला मिळतं, पण ते आहे दुसऱ्या थराच्या काळातलं. पेवाची कड तुम्हाला दिसली नाही आणि नुसती पातळी लिहिली, तर शेकडो वर्षांची गल्लत होते, आणि ती गल्लत आकड्यांत अगदी नीटनेटकी दिसते. पेवाला, चुलीला, खांबाच्या खड्ड्याला म्हणूनच स्वतंत्र लोकस क्रमांक (लोकस म्हणजे वेगळी ओळखलेली एकेक जागा किंवा भराव) द्यायचा आणि त्यातली प्रत्येक वस्तू त्या क्रमांकाखालीच ठेवायची.

पुणे जिल्ह्यात घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम खणलं. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत. कुंभ जमिनीच्या खाली आहेत, पण ते त्या घरात राहणाऱ्या माणसांनीच जमीन खणून पुरलेले आहेत. खोलीवरून बघितलं तर दफन आधीचं आणि घर नंतरचं वाटेल. जमिनीत खड्ड्याची कड कुठे फुटली आहे हे बघून नोंदलं, म्हणूनच ते घर आणि ते मूल एकत्र राहिलं. आणि त्याच उत्खननात वस्तूंच्या आडव्या जागा घरानिशी नोंदलेल्या असल्यामुळे कुंभार, सोनार यांच्यासारख्या कारागिरांची घरं वस्तीच्या कोणत्या बाजूला होती इथपर्यंत बोलता आलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती कोकणातल्या किंवा उत्तरेतल्या पुस्तकांत सहसा नसते: काळी माती. पावसात ती फुगते आणि फाल्गुन-चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मणी, बांगडीचा तुकडा, नाणं अशा लहान वस्तू त्या भेगांत घसरतात आणि पुढच्या पावसात माती मिटली की तिथेच अडकतात. माझ्या एका खड्ड्यात लाल रंगावर काळी नक्षी असलेल्या, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे खापरांबरोबर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा आला. खणणाऱ्या मावशींनीच आधी सांगितलं, ‘ताई, हितली माती भुसभुशीत लागतीया.’ खुरपं बाजूला ठेवून ब्रशने साफ केलं तेव्हा आजूबाजूपेक्षा गडद, सुट्या मातीची बोटभर रुंद उभी रेघ वरपर्यंत गेलेली दिसली. तो तुकडा आम्ही जोर्वे थरात धरला नाही; ‘भेगेतला भराव’ असा वेगळा लोकस केला आणि छायाचित्रासह नोंदला. घुशी-उंदरांची बिळं आणि वेड्या बाभळीची मुळं यांनाही हेच लागू. आणि मजुरांच्या हाताला जे कळतं ते लिहून घेत चला. मातीचा बदल डोळ्याच्या आधी खुरप्याला लागतो.

थर ओळखून केलेल्या नोंदीचं मोल किती, याची दोन उदाहरणं देते. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली खणलं. तिथे इटलीत बनलेली अ‍ॅरेटाइन भांडी मिळाली, ज्यांचा काळ युरोपात आधीच माहीत होता. ती कोणत्या थरात, कोणत्या स्थानिक खापरांबरोबर आली याची नोंद होती, म्हणून त्या साध्या स्थानिक खापरांनाही काळ मिळाला आणि पुढे दक्षिणेतल्या कितीतरी जागांचा कालक्रम त्यावरून लावता आला. दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना तांब्याच्या मिश्रधातूच्या चार भरीव प्रतिमा मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. भारतीय पुरातत्त्वातल्या अत्यंत देखण्या वस्तूंपैकी त्या आहेत. पण त्या थरांच्या नोंदीसह उत्खननातून आलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाला. एका बाजूने त्यांना उत्तर हडप्पा काळात ठेवलं, दुसऱ्या बाजूने धातूतल्या आर्सेनिकवरून शंका घेतली. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, तरी त्या चार वस्तू नेमक्या कोणत्या थरातल्या हे त्यांच्यापुरतं परत मिळवता आलं नाही.

प्रत्येक खापर मोजायचं का? याचं उत्तर जागेवर, हाताशी किती माणसं आहेत त्यावर आणि उत्खनन कोणत्या प्रश्नासाठी चाललं आहे त्यावर ठरतं. माझी पद्धत सांगते. नाणं, मणी, मुद्रा, मातीची मूर्ती, धातू, हस्तिदंत, हाडाचं अवजार, अख्खं भांडं: यांची तिन्ही मापं (पूर्व, उत्तर आणि पातळी) घ्यायचीच आणि अँटिक्विटी रजिस्टरात, म्हणजे खास वस्तूंच्या नोंदवहीत, स्वतंत्र क्रमांक द्यायचा. भरावातली खापरं आणि हाडं थर, लोकस आणि १० सेंटिमीटरचा टप्पा लिहून पिशवीत. मात्र तुमच्यासारखी चोपलेली जमीन लागली की नियम बदलतो. जमिनीवर पडलेलं खापर कुणीतरी तिथे ठेवलेलं किंवा टाकलेलं असण्याची शक्यता असते, म्हणून तिथे साधं खापरही नकाशावर घ्यावं, निदान बोटाएवढ्याहून मोठं प्रत्येक. चाळणीत मिळालेल्या मण्याची जागा गेलेलीच असते; त्याला खोटी अचूक मापं देऊ नका. घमेलं खड्ड्याच्या कोणत्या मीटरभराच्या चौकटीतून आणि कोणत्या टप्प्यातून आलं तेवढं लिहा आणि ‘चाळणीतून’ असा शेरा मारा.

जागेचं माप सेंटिमीटरपर्यंत पुरे. खुरप्याने काढलेल्या मातीत मिलिमीटर लिहिणं म्हणजे नसलेली खात्री दाखवणं. वस्तूचं स्वतःचं माप मात्र व्हर्नियरने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घ्या. मण्याची लांबी, व्यास, भोकाचा व्यास आणि वजन, सगळं. पातळी वस्तूच्या माथ्याची घ्यायची की बुडाची, हे सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवा. मी बुडाची घेते, कारण वस्तू ज्यावर टेकलेली असते त्या पृष्ठभागाशी तिचं नातं असतं. ३० सेंटिमीटर उंचीच्या रांजणाच्या काठाची पातळी घेतली तर तो जमिनीवर उभा होता हे आकड्यातून हरवतं. अशा मोठ्या वस्तूंची दोन्ही घ्या.

रजिस्टर खड्ड्याच्या काठावरच भरायचं. रात्री तंबूत आठवून भरलेल्या नोंदींत सगळ्या वस्तू गोल आकड्यांवर बसलेल्या दिसतात, ०.५० आणि १.००, असं पान लगेच ओळखू येतं. वस्तू उचलायच्या आधी पट्टी, उत्तर दाखवणारा बाण आणि पाटी ठेवून छायाचित्र काढा. पिशवीला दोन चिठ्ठ्या लावा, एक आत, एक बाहेर. आतली पेन्सिलने, कारण मार्करची शाई उन्हाने उडते आणि पेनाची ओलीने पसरते, पेन्सिल टिकते. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख आणि सही. खोडरबर आणि व्हाइटनर खड्ड्याजवळ नकोच. दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. नाणं समजलं आणि धुतल्यावर खडा निघाला, तरी क्रमांक तसाच ठेवून ‘रद्द, खडा’ असं लिहायचं. कोळशाचा नमुना काळ ठरवण्याच्या कार्बन-१४ चाचणीसाठी जाणार असेल तर हात न लावता चिमट्याने किंवा करणीच्या टोकाने अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात घ्या. कापूस किंवा साधा कागद त्याला लावू नका, कारण तेही सेंद्रियच.

मोबाइलबद्दल. छायाचित्रांना, दैनंदिनीला तो उत्तम आहे. पण मोबाइलचं जीपीएस काही मीटरांनी चुकू शकतं आणि तुमचा खड्डाच ५ मीटरचा. पांढर नकाशावर कुठे आहे हे दाखवण्यापुरतं ते ठीक. टोटल स्टेशन (काठीवरच्या प्रिझमवर किरण सोडून अंतर आणि पातळी काढणारं यंत्र) मिळत असेल तर जरूर वापरा; वेळ वाचतो आणि वजाबाकीच्या चुका टळतात. मात्र प्रिझमच्या काठीची उंची १.३० असताना यंत्रात १.५० भरली गेली तर दिवसभराच्या सगळ्या पातळ्या २० सेंटिमीटरने खाली जातात आणि एकमेकींशी जुळत असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. सकाळी, जेवणानंतर आणि काम थांबवताना माहीत असलेल्या एका बिंदूचं माप घ्या. थराचा रकाना तर कोणतंच यंत्र भरून देत नाही.

उरला तुमच्या ७२ आणि ८४ चा निकाल. वहीतले जुने आकडे खोडू नका. उद्या सकाळी खड्ड्याच्या चारही खुंट्यांची, डोक्याची आणि बुडाच्या मातीची अशा आठ पातळ्या आधारबिंदूवरून घ्या. चोपलेली जमीन अजून उघडी असेल तर तिच्याही चार कोपऱ्यांची आणि मध्याची घ्या. ती जमीनही उतरती असू शकते. मग तुम्ही दोघांनी कोणत्या खुंटीपासून आणि कुठून मोजलं हे एकमेकांसमोर बसून प्रत्येक नोंदीसाठी ठरवा. जिथे नक्की आठवतं तिथे शेजारच्या नव्या रकान्यात दुरुस्त पातळी, तारीख आणि सही. जिथे आठवत नाही तिथे रकान्यात ‘आधार अनिश्चित, १२ सेंटिमीटरपर्यंत फरक शक्य’ असं लिहा आणि त्या वस्तू फक्त थर आणि लोकसवर वापरा. खुंट्या अजून जागेवर आहेत तोवरच हे होईल, म्हणून उद्याचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी खड्डाप्रमुखांकडे तासभर मागून घ्या.